उस्तादांचा हिरवा पेला

६ जानेवारी

ताई,

माझं सगळं आयुष्य बदललं तो क्षण मी तुला नेमका दाखवू शकतो. घरमालकांची मोडकी खुर्ची डोक्यावर घेऊन मी एका दुकानाच्या दारात उभा होतो, आणि आत एक मुलगी ओठांत मूठभर बारीक खिळे धरून बसली होती. खिळे तसेच ठेवून ती म्हणाली, "खुर्ची ठेव आणि बाजूला हो. उजेड अडतोय."

संपलो मी.

तू म्हणशील, यात काय एवढं? अगं, ती एकेक खिळा जिभेने ओठांवर आणते, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकाने उचलते आणि ठक्! कापड लाकडावर बसलेलं असतं. तेवढ्यात गिऱ्हाइकाला भावही सांगते. मी अडीच वर्षं वर्गात बसून असं काही शिकलो नाही.

आता दुसरी बातमी, जी तुला बाबांकडून कळली असेलच. कॉलेज सोडलं. बाबांचं शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही, कारण फोन भिंतीवर आपटला होता. नवा घेणार नाही. कुणाला माझ्यावर ओरडायचं असेल त्याने लिहून ओरडावं. निदान अक्षर तरी सुधारेल.

आणि हो, मी त्याच दुकानात कामाला लागलोय. सोफे, खुर्च्या, गाद्या. जुनं कापड उसवायचं, काथ्या झटकायचा, फोम कापायचा. बोटांची चाळण झालीय. मालक म्हणजे तिचे वडील, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. मला सगळे 'कॉलेज' म्हणतात. "ए कॉलेज, सुतळी आण." "कॉलेज, झाडू मार." तिला मी मनातल्या मनात टाचणी म्हणतो. बारीक, सरळ, आणि हात लावला तर टोचणार.

उस्तादांची एक गंमत सांगतो. शिलाई मशीन थांबलं, हातोड्या थांबल्या की दुकानात टिक टिक ऐकू येते. पहिल्या दिवशी मी भिंतीवर घड्याळ शोधत होतो. टाचणी म्हणाली, "भिंतीवर काय बघतोस? बाबांच्या छातीत बघ." त्यांच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह बसवलाय, तो वाजतो! त्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ते रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, आणि रक्त हवं तेवढंच पातळ आहे ना, हे महिन्यातून एकदा तपासून येतात. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते छातीवर हात ठेवून म्हणतात, "साहेब, लवकर बोला, इथे मीटर चालू आहे."

असा सासरा मिळायला नशीब लागतं.

बाबांना काही सांगू नकोस.

तुझी काडेपेटी


१४ जानेवारी

प्रिय काडेपेटी,

पत्र तुझ्या भावोजींनी आधी वाचलं आणि आठवडाभर घरात "उजेड अडतोय" एवढंच चाललंय. मी चहाचा कप घेऊन समोर आले तरी तेच.

कॉलेजबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही. बोलले तर हे पत्रही तू भिंतीवर आपटशील. बाबा गप्प आहेत. आई म्हणते, जेवताना तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. यावरून काय ते समज.

आता तुझ्या टाचणीबद्दल. गाढवा, तू मुलीसमोर जाऊन जाऊन उजेडच अडवणार. तिचा बाप म्हणजे तिचं सगळं जग आहे, हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतंय, फक्त तुला दिसत नाही. तू त्या बापाची काळजी घे. मुलीला ते न सांगता कळतं. मी तुझ्या भावोजींना होकार दिला तो त्यांच्याकडे बघून नाही, त्यांनी माझ्या आजीची चप्पल उचलून दिली होती म्हणून.

सोबत एक डबा पाठवतेय. हिरव्या पानांची पावडर आहे. पालक, गव्हांकुर आणि आणखी कसली कसली पानं वाळवून केलेली. आमच्या सकाळच्या गटात आम्ही सगळ्या घेतो. मला जिना चढताना धाप लागायची, ती गेली. पूर्ण नैसर्गिक आहे, अपाय तर नाहीच. एक चमचा पेलाभर पाण्यात ढवळून उस्तादांना दे. हृदयाला उत्तम.

चव घाण आहे. ती त्यांना आधी सांगू नकोस.

ताई


२ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

तुझा डबा म्हणजे जादू आहे!

टाचणी दुपारी गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला जाते, तेव्हा आमचा कार्यक्रम असतो. मी पेला ढवळतो, उस्ताद नाक दाबून पितात आणि म्हणतात, "कॉलेज, ही तर गुरांची पार्टी झाली." पण पितात. पहिल्या दिवशी त्यांनी थोडी का-कू केली. त्यांच्या घरी पालेभाजीचा मोठा कायदा आहे. काकू म्हणजे टाचणीची आई एका ठरावीक वाटीनेच पालेभाजी वाढतात, दर आठवड्याला तेवढीच, ना कमी ना जास्त. जेवायला पाहुणे असोत, लग्न असो, ती वाटी पर्समध्ये! डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मी विचारलं, "मग हे चालेल ना?" उस्ताद म्हणाले, "अरे, कायदा भाजीचा आहे. ही काय भाजी आहे? ही पूड आहे. आणि घरी बोलू नकोस, ती या पेल्यालाही वाटी लावेल."

दुकानात खाल्लेलं दुकानातच राहतं, हा इथला जुना नियम आहे. टाचणीच्या माघारी इथे काय काय खाल्लं जातं ते मी लिहीत नाही.

आता खरी बातमी. काल दुपारी मशीन बंद होतं, मी आणि उस्ताद दोघंच एका कोचाला कापड ताणत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की टिकटिक जवळजवळ ऐकूच येत नाहीये. कान अगदी जवळ नेला तेव्हा कुठे काहीतरी दबल्यासारखं लागलं, उशीखाली घड्याळ ठेवावं तसं. मी त्यांना सांगितलं. ते इतके खूश झाले! म्हणाले, "बायकोपण म्हणते, हल्ली तुमचा आवाज होत नाही, मला झोप लागते. कॉलेज, तुझ्या पानांनी इंजिनाला तेल घातलं बघ."

एवढ्यात टाचणी आली. आम्हाला हसताना बघून तिने विचारलं, काय चाललंय? उस्ताद म्हणाले, "पोरगा कामाचा आहे." तिने माझ्याकडे बघितलं. नीट, पूर्ण बघितलं. खिळे तोंडात नव्हते.

आता मला मरण आलं तरी चालेल.

तुझी काडेपेटी

ता.क. एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम आलंय. उस्ताद थोडे दमतात, पण काम तेवढं आहेच. रक्ताची तपासणीसुद्धा त्यांनी पुढे ढकललीय. म्हणतात, खुर्च्या होऊ देत.


१० फेब्रुवारी

प्रिय काडेपेटी,

आमच्या गटात तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. एकीने तर लगेच आपल्या सासऱ्यांसाठी डबा मागवला.

एकच चमचा देतोयस? इथे आम्ही दोन घेतो. दमतात म्हणतोस तर त्यांना दोन दे. नवा डबा पाठवलाय.

बाबांनी काल विचारलं, "त्याचं पोट भरतं का?" मी म्हटलं, भरतं. मग विषय बदलला. पण विचारलं.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे.

उस्ताद पडले.

पाच दिवस झाले. खुर्च्या गाडीत चढवत होतो. ते मागून म्हणाले, "कॉलेज, थांब जरा." मी वळून बघितलं तर ते फळीला धरून उभे, ओठ निळे. निळे म्हणजे खरंच निळे, ताई, निळ्या खडूसारखे. श्वास घ्यायला बघतात आणि छाती नुसती वर होते, आत काही जात नाही. मी खुर्ची टाकली. ती माझ्या पायावर पडली हे मला संध्याकाळी कळलं. मी त्यांना उचललं, त्याच गाडीत खुर्च्यांच्या मध्ये बसवलं, टाचणीने त्यांचं डोकं धरलं आणि चालकाच्या अंगावर मी असा ओरडलो की तो बिचारा सिग्नलला थांबलाच नाही.

इस्पितळात डॉक्टर बाई होत्या. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "आवाज कधीपासून कमी झालाय?"

मग काकू म्हणाल्या, "झाले असतील थोडे दिवस. मी म्हटलं, बरं झालं, शांत झोप लागते..."

"अहो, तो आवाज म्हणजे व्हॉल्व्ह नीट उघडझाप करतोय याची खूण आहे! तो दबला तेव्हाच धावत यायला हवं होतं. गुठळी धरलीय त्यावर."

काकू "मीच झोपले, मीच झोपले" म्हणत राहिल्या. आणि मी, ताई, मी तो दबलेला आवाज ऐकून नाचलो होतो! तुला पत्र लिहिलं होतं!

रक्त तपासलं तर पाहिजे तेवढं पातळ अजिबात नाही. गोळी घेतच नसल्यासारखं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "गोळ्या चुकवल्या?" टाचणी म्हणाली, "मी स्वतः हातात देते, गिळेपर्यंत समोर उभी असते." "मग नवीन काही? दुसरं औषध, काढा, कुठली गोळी?" उस्तादांनी मान हलवली. काकूंनी मान हलवली. मीही हलवली. औषध कुठे कुणी घेतलं होतं?

मग माझं डोकं सटकलं. गोळी घेतात आणि रक्त घट्टच, म्हणजे गोळीच खोटी! मी तडक त्यांच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि त्या माणसाची कॉलर धरली. "नकली माल विकतोस? माणसं मारतोस?" रांगेतली माणसं मला ओढत होती. त्याने आतून खोकं आणलं, पावती दाखवली, हात जोडले. मी तरी ओरडतच होतो. शेवटी टाचणी आली आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. रस्त्यात म्हणाली, "तू इतका का चिडतोस रे?" आवाज मऊ होता.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. फार धोक्याचं असतं, सही घेतात. रात्र कशी गेली ते विचारू नकोस. सकाळी टिकटिक परत आली. काकू त्यांच्या छातीवर कान ठेवून लहान मुलीसारख्या रडल्या.

आता उस्ताद बोलायला लागलेत. पण रक्त काही केल्या पातळ होत नाही. गोळीचा डोस वाढवला, परत वाढवला. डॉक्टर बाई चक्रावल्यात. उस्तादांना इथलं जेवण बेचव लागतं, म्हणून मी तुझं हिरवं थर्मासमध्ये भरून रोज नेतो. दोन चमचे. काकू घरी गेल्या की पितात. तेवढीच ताकद.

ताई, मला फार भीती वाटतेय. लिही.


२६ फेब्रुवारी

आधी बस. उभ्याने वाचू नकोस.

थर्मास ओतून टाक. आत्ता. हे पत्र खाली ठेव, ओत, आणि मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचलं आणि का कोण जाणे, त्या काकूंची वाटी माझ्या डोक्यातून जाईना. कुठलेही डॉक्टर उगीच एखाद्याच्या पर्समध्ये वाटी ठेवायला लावतील का? कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई शिकलेल्या आहेत, त्यांना विचारलं. "समजा, एखाद्याच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह आहे" एवढंच म्हणाले आणि डबा पुढे केला. त्यांनी डबा हातातही घेतला नाही. म्हणाल्या, "हे कुणाला देताय?"

हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं. शरीर त्याच्याच मदतीने रक्त गोठवायचं सामान तयार करतं. उस्तादांची ती गोळी नेमकं तेच काम अडवते. म्हणून पालेभाजी खायची, पण रोजच्या अंदाजाने, सारखी, म्हणजे गोळीचा डोस तिच्याशी जुळवता येतो. काकूंची वाटी त्यासाठी होती. आणि आपण काय केलं? त्या वाटीच्या वर पानांचा ढीग ओतला. एका चमच्यात किती पानं असतात विचारलं, तर म्हणाल्या, वाळवल्यावर ढीग मुठीत मावतो. ते गोळी गिळत होते आणि आपण दुपारी ती पुसून टाकत होतो.

मी, मी पाठवली. मीच म्हटलं, दोन दे.

मला कळत नाहीये मी काय लिहितेय. मी रोज वर्गात पोरांना सांगते, नीट वाचा, मग उत्तर द्या.

ऐक. डबा फेकून दे. कुणाला काही बोलू नकोस. उस्ताद सावरतायत ना? मग संपलं. बोललास तर काम जाईल, ती मुलगी तुझं तोंड बघणार नाही, पोलिसांत गेले तर माझी नोकरी जाईल. बंद करायचं आणि गप्प बसायचं. दुकानाच्या फोनवर दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही.

माझी शपथ आहे तुला.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सकाळचा थर्मास देऊन परत आलो होतो.

पत्र दोनदा वाचलं. मग डब्यावर हातोडी घातली, पावडर सगळ्या खोलीभर उडाली, घरमालक धावत आले. म्हणाले, काय रंगकाम काढलंयस का? मी हसलो, ताई. मला हसू आलं. मग भिंतीला टेकून बसलो तो दुपारपर्यंत.

पालक! माणूस पालकाने मरू शकतो, हे कुणी शाळेत का नाही शिकवलं? तू का नाही शिकवलंस? तूच तर शिक्षक. मी काय, बोलून चालून अर्धवट.

जाऊ दे. तुझ्यावर ओरडायला बसलो होतो, ओरडवत नाही.

मी गप्प बसलो. तू शपथ घातलीस म्हणून नाही. सांगायला म्हणून मी इस्पितळात गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर टाचणी बसली होती. तिने सरकून जागा केली. आपल्या कपातला अर्धा चहा मला झाकणात ओतून दिला आणि म्हणाली, "त्या दिवशी तू नसतास तर बाबा गेले असते." कानाजवळचे तिचे केस सुटले होते. मी चहा प्यायलो. माझ्यासारखा नालायक माणूस दुसरा नसेल, पण मी तो चहा प्यायलो.

तीनचार दिवसांतच रक्त हवं तेवढं पातळ झालं. डॉक्टर बाई खूश. म्हणाल्या, अखेर डोस सापडला. परवा घरी सोडलं. आधीच्या दुपटीहून जास्त गोळी लिहून दिलीय आणि पुढच्या आठवड्यात तपासणीला बोलावलंय.

उस्ताद विचारत होते, "कॉलेज, आपलं हिरवं?" मी म्हटलं, संपलं.

तुझा भाऊ


९ मार्च

अरे देवा, सांग. सांगून टाक. आत्ताच्या आत्ता.

औषधवाल्या बाई भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. म्हणाल्या, "त्या गृहस्थांनी पावडर बंद केल्याचं डॉक्टरांना कळवलं ना?" मी म्हटलं, बंद केली ना, झालं की. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, गोळी वाढवली ती पावडर पोटात असताना! आता पावडर नाही आणि गोळी दुपटीची. रक्त हवं त्याहून पातळ होत जाणार. कुठेही फुटेल. डोक्यातसुद्धा."

आपण गप्प बसलो तेच जास्त वाईट केलं. सुरुवातीपेक्षा वाईट.

मी दुकानात फोन केला. तिनेच उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" किती सरळ आवाज आहे रे तिचा. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ठेवला. परत केला. परत ठेवला. मी चाळीस पोरांसमोर बोलणारी बाई, मला एका मुलीशी बोलता येईना.

माझी शपथ सुटली. माझं नाव घे, काय वाट्टेल ते कर, पण सांग.

ताई


१२ मार्च

ताई,

तुझं पत्र आज संध्याकाळी मिळालं. त्याच्या आधी सगळं होऊन गेलं होतं.

काल सकाळी उस्ताद दुकानात येऊन नुसते खुर्चीवर बसले होते. दाढी केली होती आणि गालावरचं बारीक कापलेलं अजून ओलं होतं. रुमाल लावून लावून लाल झाला होता. मी म्हटलं, उस्ताद, हे केव्हाचं? म्हणाले, पहाटेचं. मग शर्टाची बाही वर केली. दंडावर वांग्याएवढा जांभळा डाग. "कुठे आपटलो तेही आठवत नाही." आणि मग त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. थेंब थेंब नाही, ताई. धार. त्यांनी मान खाली घातली आणि नव्या पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा लाल होत गेला. टाचणी नाक दाबून धरत होती, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ. "थांबत नाही," ती म्हणत होती, "थांबत का नाही हे?"

ते का थांबत नाही, हे मला माहीत होतं. मी खरंच सांगतो, तुझं पत्र मिळालं नव्हतं, मला कुणी काही समजावलं नव्हतं, पण ते रक्त बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख झालं. तराजूच्या एका पारड्यातलं मी चोरून काढून घेतलं होतं आणि दुसरं पारडं तसंच भरलेलं होतं.

तेच इस्पितळ. त्याच डॉक्टर बाई. नाकात कापूस कोंबून, पट्टी मारून रक्त कसंबसं थोपवलं. तपासणीचा कागद हातात घेऊन त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात बरोबर होतं. असं कसं झालं? डोस कमी करून बघते, आणि परत घट्ट झालं तर..." त्या अंदाज बांधत होत्या. माणसाच्या जिवाचा अंदाज, आणि अर्धं गणित माझ्या खिशात.

खोलीत पलंगावर उस्ताद, उशाशी काकू, खिडकीशी टाचणी, हात अजून धुतलेले नव्हते. मी म्हटलं, "डॉक्टर, ते पावडर घेत होते."

"कसली पावडर?"

मग मी सगळं सांगितलं. कधी सुरू केली. एक चमचा, मग दोन. आवाज दबला तेव्हाही. इथे याच खोलीत, थर्मासमधून, डोस वाढवत होता तेव्हाही. आणि कुठल्या दिवशी बंद केली. डॉक्टर बाई आधी उभ्या होत्या, मग त्यांनी स्टूल ओढलं. "इथे? माझ्या वॉर्डात?" त्यांचा आवाजच फुटला. "मी झोपले नाही हो त्या दिवसांत! पुस्तकं काढून बसत होते!" मग त्या भानावर आल्या, पटापट काहीबाही विचारलं, नर्सला बोलावून गोळी थांबवायला सांगितली, आणि एक अगदी छोटा डोस लिहून दिला. काकूंनी विचारलं, हे कशाचं? त्या म्हणाल्या, "के जीवनसत्त्व. पानांत असतं तेच." आम्ही चमच्याने ओतलं तेच आता थेंब मोजून त्यांना वाचवायला द्यायचं होतं.

काकू मला काही बोलल्या नाहीत. उस्तादांना बोलल्या. "तीस वर्षं मी वाटी धरून बसले. चारचौघांत हसं करून घेतलं. आणि तुम्ही नाक दाबून पेले पीत होतात?" उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "तुला हे द्यायला कुणी सांगितलं?"

टाचणी म्हणाली, "दुकानात कुणीतरी सारखं फोन करून न बोलता ठेवत होतं." ती माझ्याकडेच बघत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आज तुझं पत्र वाचून कळला.

मी म्हटलं, "कुणी नाही. मीच."

नाव घेतलं नाही तुझं. पण तू फोन कर, ताई. त्या बायकांच्या गटातल्या त्या सासऱ्यांच्या घरी कर. आधी तिथे कर. ते कुठल्या गोळ्या घेतात ते विचार. आणि फोन ठेवून देऊ नकोस.

"पण का?" डॉक्टर बाई म्हणाल्या. चिडून नाही, खरंच कळत नव्हतं त्यांना. "कामावरचा मुलगा तू. तुला काय गरज होती?"

किती तरी वेळा मी हे बोलायचं ठरवलं होतं. आरशासमोर म्हणून बघितलं होतं. नवा शर्ट घालून, तिला मापं घ्यायला सोडायला जाताना, एखाद्या शांत रस्त्यावर. आणि बोललो कुठे, तर औषधांच्या वासात, रक्ताने भरलेल्या चपलांनी, तिच्या आईसमोर.

"मला यांचा जावई व्हायचं होतं."

नर्स ट्रे घेऊन आत येत होती, ती दारातच थांबली. मग पलंगावरून, नाकात कापूस असल्यामुळे गेंगाण्या आवाजात, उस्ताद म्हणाले, "मग मागणी घालायचीस ना गाढवा. मारायला कशाला निघालास?"

नर्सला हसू आलं. काकूंच्या तोंडातून हुंदका आला की हसू, कळलं नाही. मी टाचणीकडे बघितलं. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. तिने वडिलांच्या अंगावरचं पांघरूण गळ्यापर्यंत नीट केलं, त्यांच्या हाताला हात लावून बघितला, मग सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी त्या दिवशी बाकावर म्हटलं, तू नसतास तर बाबा गेले असते. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू चहा प्यायलास."

"हो."

मला वाटलं, मारेल. मारावं असंच वाटत होतं. मी गाल पुढे केलेला असणार, कारण ती एक पाऊल मागे सरकली. मला म्हणायचं होतं की मी बदलेन, उद्या दुकानात येऊन तो तागा धुऊन देईन, एकटा सगळ्या खुर्च्या ठोकून देईन, तू आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल. ओठांपर्यंत आलं होतं. पण उस्तादांना झोप लागत होती, आणि माझ्या बोलण्याने त्या खोलीत आधीच पुरेसं झालं होतं.

"जा," ती म्हणाली.

मी बाहेर आलो. दार आपटेल म्हणून त्याची मूठ धरून ठेवली, आणि हळूच लावून घेतलं.